काटा बाहेर येतो, मग सेन्सर आत कसा राहतो?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. त्याला विशीपासून टाइप वन मधुमेह आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने बाही वर करून दंड दाखवला आणि म्हणाला, ‘काकू, साखर मोजायचं यंत्र आता इथे कातडीखाली बसवलंय. वर्षभर बघायला नको.’ मी चकितच झाले. लहानपणी माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. आजीने रुईचा चीक लावला, चार-आठ दिवसांत पू धरला आणि काटा आपोआप वर आला. एवढासा काटा शरीराला आठ दिवस खपत नाही, मग हे यंत्र वर्षभर कसं खपतं? मध्येच त्याची बॅटरी संपली तर? आणि माझ्यासारख्या, नुसत्या गोळ्यांवर असलेल्या बाईला त्याचा काही उपयोग आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, पत्रात प्रश्न तीन आहेत, पण सगळ्यांत खोल प्रश्न काट्याचा. साखर मोजणारी तार कशी करायची याची युक्ती १९६२ सालीच सापडली होती. साखर मोजणारी वस्तू माणसाच्या दंडात वर्षभर चालवून तिला सरकारी मान्यता मिळायला मात्र २०२४ उजाडावं लागलं. मधल्या बासष्ट वर्षांत शास्त्रज्ञांना ज्या अडचणीने छळलं, ती तुमच्या काट्याच्याच जातीची होती.

तेव्हा काट्यापासूनच सुरुवात करू. तुमच्या टाचेत पू झाला तो काट्यापेक्षा काट्याबरोबर आत गेलेल्या जंतूंमुळे. त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावल्या, त्या झटापटीत मेलेल्या पेशी आणि जंतू यांचा पू झाला, तो साठून दाब वाढला, त्याला तोंड फुटलं आणि त्या लोंढ्यात काटाही बाहेर आला. आत गेलेली वस्तू निर्जंतुक असेल तर असं होत नाही. मोडलेल्या हाडाला लावलेली पट्टी आणि स्क्रू कित्येकांच्या अंगात जन्मभर राहतात. १९५८ साली स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर माणसाच्या अंगात बसवला गेला. आज पेसमेकर घेऊन भाजी आणायला जाणारे आजोबा प्रत्येक गल्लीत भेटतात.

याचा अर्थ शरीर अशा वस्तूला आपलं मानतं असा मात्र नाही. शरीर तिला वाळीत टाकतं. वस्तू आत जाताच काही मिनिटांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. मग पांढऱ्या पेशी येऊन तिला चाचपतात. त्यांतल्या भक्षक पेशी तिला गिळायला बघतात. गिळणं जमत नाही म्हटल्यावर अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक भलीमोठी पेशी तयार होते आणि वस्तूला चिकटून तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत रसायनं सोडत बसते. त्यानेही काही झालं नाही की थोड्या आठवड्यांत भोवती कोलॅजनची, म्हणजे जखमेच्या व्रणात असतात तशा चिवट धाग्यांची, भिंत उभी राहते. आत वस्तू, बाहेर शरीर, रोटीव्यवहार बंद. माणसांना वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. शरीरापुढे त्याचं काही चालत नाही.

पेसमेकरला या बहिष्काराने फारसा फरक पडत नाही. त्याची पेटी भिंतीआड पडून राहिली तरी तारेतून विजेचा ठोका हृदयाला पोचतो. साखर मोजणाऱ्या सेन्सरला मात्र भोवतालच्या द्रवाची चव दर पाच मिनिटांनी घ्यायची असते. भिंत जाड झाली की त्याच्यापर्यंत ताजी साखर पोचत नाही, आणि तो बंद खोलीत बसून बाजारभाव सांगू लागतो. दंडात वस्तू ठेवणं सोपं होतं. ती ठेवूनही तिथला व्यवहार चालू ठेवणं अवघड होतं.

मग आजवर साखर मोजत होते तरी कशी?

माझ्या आजोबांसाठी घरात एक टेस्ट ट्यूब, लाकडी चिमटा, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं की आजोबा चहात अर्धा चमचा साखर मागत. हिरवट झालं की काही न बोलता पेपर उघडत. विटकरी रंग आला की आजी साखरेचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून देई. पुढे मला कळलं की रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे आजोबांना कळायची ती काही तासांपूर्वीची बातमी, तीही साखर फार चढल्यावरची. उतरलेली साखर, जी माणसाला तासाभरात बेशुद्ध करू शकते, ती त्या नळीत कधी दिसलीच नाही.

१९६२ साली अमेरिकेत लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी वेगळी वाट दाखवली. ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते बाकी कशाला न शिवता ग्लुकोजच पकडतं आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचं रूप बदलतं. हे विकर तारेच्या टोकावर बसवलं तर किती ग्लुकोज होतं ते विजेच्या भाषेत कळतं. व्यापारी प्रमाणावर हे विकर काढतात ते ॲस्परजिलस नायजर या बुरशीपासून. चाळीत साठवलेल्या कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते ना, ती बहुतेक वेळा हीच बुरशी. आपण जिला झटकून टाकतो तिच्या पोटातलं विकर घरोघरच्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांत काम करत आलंय.

१९९९ साली याच तत्त्वावर चालणाऱ्या, सलग तीन दिवस साखर नोंदवणाऱ्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज आपल्याकडे औषधांच्या दुकानात दंडावर चिकटवायची चकती मिळते, ती या वंशातली. तिच्या पोटातून केसासारखी तार कातडीखाली जाते. पण विकर हळूहळू थकतं, भोवतीच्या पेशी त्रास देतात, चिकटपट्टी घामाने सुटते, आणि दहा-पंधरा दिवसांनी चकती टाकून नवी लावावी लागते.

पुतण्याच्या दंडात नेमकं काय आहे?

वर्षभराचा म्हणालात, त्यावरून तो एव्हरसेन्स असणार. सेन्सिऑनिक्स या अमेरिकी कंपनीचा हा सेन्सर तिथे २०१८ साली ९० दिवसांसाठी मान्य झाला, २०२२ साली १८० दिवसांसाठी आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षासाठी. लांबी १८.३ मिलिमीटर, जाडी ३.५ मिलिमीटर. मसाल्याच्या डब्यातली सगळ्यांत मोठी लवंग काढून बघा, साधारण तेवढा. दंडाचा तेवढाच भाग बधिर करून डॉक्टर छोटीशी चीर देतात, बोथट हत्याराने कातडीखाली खिसा करतात, लवंग त्यात सरकवतात आणि चिरेवर चिकटपट्टी लावतात. टाका घालत नाहीत. आकडे यायला मात्र एक दिवस थांबावं लागतं.

या लवंगेत विकर नाही. तिच्या अंगावर एका मऊ, पाणी धरणाऱ्या जेलचा थर आहे आणि त्यात बोरॉनयुक्त रेणू जडवलेले आहेत. हे रेणू म्हणजे एसटी स्टँडवरची बाकडी समजा. ग्लुकोजचा रेणू येतो, बाकावर टेकतो, थोड्या वेळाने उठून जातो. आतला बारीक दिवा या थरावर प्रकाश टाकतो. ज्या बाकावर ग्लुकोज बसलेलं असेल तो बाक चमकतो, रिकामा बाक मिणमिणतो. एकूण चमक किती हे प्रकाश टिपणारा डोळा मोजतो. स्टँडवर गर्दी वाढली की चमक वाढली, गर्दी ओसरली की चमक उतरली. विकर ग्लुकोजचं रूप बदलतं आणि त्या कामात स्वतःही झिजतं. इथे ग्लुकोज फक्त बसून उठतं, त्यामुळे बाकडी पुष्कळ दिवस टिकतात.

पुष्कळ दिवस म्हणजे कायमची मात्र नाहीत. भक्षक पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात असं वर म्हटलं. त्या माऱ्याने नेमकी हीच बाकडी मोडतात, आणि पहिला सेन्सर ९० दिवसांवर थांबण्याचं ते एक मोठं कारण होतं. त्यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मराठी माणसाला चटकन उमगेल. त्यांनी सेन्सरमध्ये बाकड्यांच्याच जातीचे आणखी रेणू भरले. साखर मोजणं हे त्यांचं काम नाही. येणारा मारा आधी स्वतःवर घ्यायचा आणि मोजणाऱ्या रेणूंना वाचवायचं, एवढंच त्यांचं काम. इंग्रजीत त्यांच्या नावातच बलिदानाचा शब्द आहे. बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले ते विशाळगडावर तोफा होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून. इथेही मिळतो तो वेळच. ९०चे १८० दिवस झाले ते यामुळे.

दुसरा तोडगा भिंत बांधणाऱ्या गवंड्यांसाठी. सेन्सरभोवती सिलिकॉनचं एक कडं आहे आणि त्यातून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड हळूहळू झिरपतं. करोनाच्या काळात हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं होतं. त्याने भोवतीच्या पेशींचा चढलेला पारा उतरतो. तुम्ही म्हणाल, स्टेरॉइडने साखर वाढते, मग मधुमेह्याच्या अंगात ते कशाला? शंका बरोबर आहे. पण कड्यातलं औषध जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि तेही महिनोन्‌महिने झिरपणारं. ते सेन्सरच्या परिसरापुरतंच काम करतं.

आणि बॅटरीचं काय?

आत बॅटरीच नाही, त्यामुळे संपायचा प्रश्न नाही. दंडावर, सेन्सरच्या बरोबर वर, एक चकती चिकटवायची असते. मेट्रोचं कार्ड गेटवर टेकवलं की कार्डात बॅटरी नसूनही ते जागं होतं, तसाच हा प्रकार. चकती दर पाच मिनिटांनी कातडीतून आतल्या सेन्सरला ऊर्जा देते, तो क्षणभर दिवा लावून आकडा सांगतो आणि पुन्हा झोपतो. चकती तो आकडा मोबाइलवर पाठवते आणि साखर फार उतरली-चढली तर दंडावरच थरथरते. ही चकती रोज काढून चार्ज करायची, नवी चिकटपट्टी लावून परत बसवायची. अंघोळीला, पोहायला काढून ठेवली तरी आतल्या सेन्सरचं काही बिघडत नाही. फक्त तेवढ्या वेळाचे आकडे मिळत नाहीत.

‘वर्षभर बघायला नको’ हे पुतण्याचं म्हणणं मात्र थोडं सैल आहे. बोट टोचणं सुटलेलं नाही. पहिले दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून एकदा बोटातल्या थेंबाशी आकडा ताडून सेन्सरला तो कळवावा लागतो. घड्याळ अधूनमधून रेडिओच्या वेळेशी लावून घ्यायचे ना, तसंच.

त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा का?

नाही. कातडीखालचा कुठलाही सेन्सर रक्तात बुडालेला नसतो. पेशींच्या मधल्या द्रवातली साखर तो मोजतो, आणि रक्तातली साखर तिथे झिरपायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर स्थिर असेल तर याने बिघडत नाही. ती झपाट्याने उतरत असेल तर सेन्सर मागे राहतो. म्हणून दरदरून घाम फुटलाय, हात कापतायत आणि मोबाइल मात्र ‘सगळं ठीक’ म्हणतोय, अशा वेळी अंगाचं ऐकायचं आणि बोट टोचून बघायचं.

उलटही होतं. मी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा. मध्यंतरी डॉक्टरांनी मला दंडावर चिकटवायची चकती लावून दिली होती. तिसऱ्या रात्री पावणेतीनला मोबाइल किंचाळला : साखर ५४. बायको साखरपाण्याचा पेला घेऊन धावली, मुलगा डॉक्टरांचा नंबर शोधू लागला, शेजारच्यांचा दिवा लागला. बोट टोचलं तर १०८. मी त्याच कुशीवर, चकती दाबून झोपलो होतो. दाबामुळे तिथल्या द्रवाची ये-जा मंदावते आणि आकडा खोटाच खाली जातो. कूस बदलली, पंधरा मिनिटांत आलेख वर आला. साखरपाणी मात्र तोवर पोटात गेलं होतं, त्याचीही टेकडी सकाळी आलेखावर दिसली.

औषधंही गोंधळ घालतात. एव्हरसेन्सच्या माहितीपत्रकात स्पष्ट सूचना आहे की टेट्रासायक्लिन गटातल्या प्रतिजैविकांनी आकडा खोटा कमी येऊ शकतो. डॉक्सिसायक्लिन याच गटातलं. पावसाळ्यात मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोपासून बचाव म्हणून ते देतात. पुतण्या पावसाळ्यात इकडे येणार असेल तर ही गोष्ट त्याच्या कानावर घाला. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना दंडातली लवंग दिसणार नाही. एमआरआय करायची वेळ आली तर आतला सेन्सर काढावा लागत नाही, पण वरची चकती काढायची आणि सेन्सर असल्याचं आधी सांगायचं.

एवढा खटाटोप मग कशासाठी?

तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला हे चटकन पटेल. एका वर्गाची सरासरी पन्नास गुण. दुसऱ्याचीही पन्नास. पहिल्या वर्गात सगळी मुलं पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये; दुसऱ्यात अर्धी पंच्याण्णववर, अर्धी पाचवर. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची सरासरी, तिला हे दोन वर्ग सारखेच दिसतात. सेन्सर हजेरीपट उघडून दाखवतो. म्हणून डॉक्टर आता सरासरीच्या जोडीने विचारतात की दिवसाचा किती वेळ साखर ७० ते १८०च्या मध्ये होती. बहुतेक प्रौढांसाठी उद्दिष्ट आहे निदान ७० टक्के, म्हणजे चोवीस तासांतले साधारण सतरा. आणि ७०च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे दिवसाला तासाभराच्या आत.

तुमच्या पुतण्यासारख्यांना, जे दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेतात, ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होईनाशी झालीय, त्यांच्यासाठी सेन्सर रात्रीचा पहारेकरी आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात दहा कोटी दहा लाख मधुमेही आहेत. त्यांतले बहुसंख्य तुमच्यासारखे टाइप टूचे. तुमच्या गोळ्यांनी साखर एकदम खाली जात नसेल तर दंडात चीर देऊन घेण्याइतकी निकड तुम्हाला नाही. डॉक्टरांना विचारून वर्षातून एखाद्या वेळी बाहेरून चिकटवायची चकती लावलीत तरी पुष्कळ शिकायला मिळेल. मला मिळालं. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी माझी साखर जिलबीच्या तोडीने चढवते हे चौदाव्या दिवशी कळलं, आणि खाल्ल्यावर वीस मिनिटं चाललो तर तीच टेकडी निम्मी होते हेही. सेन्सरने साखर तसूभरही कमी केली नाही. चालायला मलाच लागलं.

जाता जाता : न टोचता साखर सांगणारं घड्याळ घ्यावं का?

हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण या महिन्यात आणखी तिघांनी विचारलाय. घेऊ नका. उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर असलेल्या माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून साखर असते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. ती कातडी, घाम, चरबी आणि पाण्याच्या पलीकडून नुसत्या प्रकाशाने मोजायची म्हणजे धुक्यात उभं राहून दरीतला काजवा शोधणं. कातडीला न टोचता स्वतःच साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. सेन्सरने पाठवलेला आकडा नुसता दाखवणारं घड्याळ वेगळं, ते चालेल.

आता पुन्हा तुमच्या काट्याकडे. वर्ष संपलं की डॉक्टर तीच जागा बधिर करून लवंग बाहेर काढतील आणि दुसऱ्या दंडात नवी बसवतील. तोवर कड्यातलं औषध सरत आलेलं असेल, मार झेलणारे रेणू खर्ची पडलेले असतील आणि लवंगेभोवती कोलॅजनचं पातळ आवरण धरलेलं असेल. शरीराने आपला हेका सोडलेला नसतो, बाई. त्याचं काम फक्त वर्षभर लांबवलेलं असतं.

पुतण्याला पुढच्या फोनवर दंडाचं कौतुक जरूर करा. मग विचारा, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या घरात आहेत ना, आणि डब्यावरची तारीख उलटून गेलेली नाही ना.